अण्णांचा ठोकळा

७ जानेवारी

टिल्लू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. चोवीस वर्षांनी पाकिटावर बहिणीचं अक्षर दिसलं की माणूस आधी तेच धरून चालतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

कारण तसं काही नाही. तुझ्या मनीचं पत्र आलं. लांबच्या नातेवाइकाला पत्र लिहा, असा अभ्यास शाळेत दिला होता म्हणे, आणि तिने मावशीकडून माझा पत्ता काढला. तुला न विचारता लिहिलं असेल तर तिला रागावू नकोस. अक्षर थेट तुझं आहे, सगळे काने उजवीकडे कललेले. 'आत्या, मी तुला पाहिलेलं नाही पण तू आहेस हे मला माहीत आहे,' अशी सुरुवात केलीय. वाचून मी कँटीनमधून उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

तिने लिहिलंय की ती रोज रोपवेने खाली शाळेत जाते, आणि दरीवरून जाताना कोण खाली बघत नाही यावर मुलींची पैज लागते. टिल्लू, त्या रोपवेच्या केबिन ज्या पोलादी दांड्यांनी दोराला लटकतात, ते दांडे आमच्या कारखान्यात झाले. त्यांचे वेल्डिंगचे जोड मी तपासले. चोवीसही दांडे, खाली माझी सही. मी अण्णांच्याच धंद्यात आहे हे मावशीने सांगितलं असेलच.

तर सहज विचारते. मनी कोणत्या केबिनमध्ये बसते? तिने नुसतं 'पिवळी' लिहिलंय, आणि पिवळ्या आठ आहेत. नंबर आतून दाराच्या वर लिहिलेला असतो. तिची ठरलेली केबिन असेल तर तेवढं कळव. आत्याची हौस समज.

माझं बरं चाललंय. उजव्या अंगठ्यावरचा पत्र्याने कापलेला वण अजून आहे, थंडीत तपासणीची जेल लागली की झोंबतो.

ताई


१९ जानेवारी

टिल्लू,

तू उत्तर दिलं नाहीस. मनीने दिलं. चौदा.

ती म्हणते, शाळेची मुलं सकाळी आठला एकत्र जातात, आणि चौदा नंबरच्या खिडकीची काच गुळगुळीत आहे म्हणून सगळ्या तिच्यासाठीच थांबून राहतात. टिल्लू, मनीला काही दिवस गाडीने पाठव. रस्त्याने दीड तास लागतो हे मला ठाऊक आहे, ती कुरकुर करेल हेही ठाऊक आहे. जानेवारीत वर वारा असतो असं सांग तिला.

हे वाचून तू म्हणशील, चोवीस वर्षं तोंड न दाखवणारी बाई आता माझ्या घरात हुकूम सोडते. म्हण. पण मी तुला वाऱ्याचं खोटं कारण सुचवलं, ते मलाच आवडलेलं नाही. खरं कारण लिहायला बसले की पेन अडतं. तरी लिहिते.

आमचं काम तू लहानपणी कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. जोड न कापता, न फोडता आतून बघायचा. जेल लावून पोलादात आवाज सोडायचा. आत चीर असेल, पोकळी असेल, तर आवाज तिथून परत येतो आणि पडद्यावर टोक उभं राहतं. अण्णांच्या मशीनवर नुसती हिरवी रेघ नाचायची. आता जोडावर फिरवायच्या एकाच डोक्यात चौसष्ट बारीक स्फटिक बसवलेले असतात, ते आळीपाळीने आवाज सोडतात आणि जोडाच्या आतलं रंगीत चित्रच काढून देतात. पण एक गोष्ट अण्णांच्या वेळची ती आजही आहे. मशीन मुकं असतं. किती उंच टोक म्हणजे वाईट, हे त्याला रोज सकाळी शिकवावं लागतं. त्यासाठी पोलादाचा एक ठोकळा असतो, साबणाच्या वडीएवढा, आणि त्यात दीड मिलिमीटरचं आरपार भोक. त्या भोकाचं टोक जिथवर जाईल तिथे रेषा मारायची. जोडातलं जे काही रेषेच्या वर जाईल ते नापास. दिवसभराचं सगळं काम त्या एका भोकावर उभं असतं.

गेल्या मार्चमध्ये आमचा ठोकळा वर्षाच्या प्रमाणपत्रासाठी प्रयोगशाळेत गेला होता. तो यायला उशीर झाला आणि इकडे दांडे पाठवायची तारीख आली. साहेब म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं झाली तुम्हाला. तुम्हाला कशाला लागतो ठोकळा?" मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते. तरी ठोकळ्याशिवाय काम करणं मला जमेना, म्हणून मी घरून अण्णांचा आणला. कपाटात, त्यांच्या लाकडी खोक्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेला होता. त्यावर मी तीन दिवस काम केलं. दहा ते अठरा नंबरच्या केबिनचे नऊ दांडे, आणि वर एक सुटा. फॉर्मवर मात्र आमच्या ठोकळ्याचा नंबर घातला.

गेल्या महिन्यात तो सुटा दांडा तपासणीसाठी परत टेबलावर आला. त्याच तीन दिवसांतला, माझ्याच सहीचा, पास. या वेळी आमचा ठोकळा होता. टोक रेषेच्या वर गेलं. मी जेल पुसली, परत लावली. परत वर गेलं.

एवढंच. कदाचित त्या एकाच दांड्याचं असेल. पण मनीला गाडीने पाठव.

ताई


२ फेब्रुवारी

टिल्लू,

दोन पत्रं गेली, तुझ्याकडून अक्षर नाही. ठीक आहे. मी लिहिणार.

रविवारी सुट्टी असताना मी कारखान्यात गेले आणि दोन ठोकळे शेजारी ठेवून तपासले. एकाच मशीनवर, एकाच हाताने. अण्णांच्या ठोकळ्याचं टोक आमच्यापेक्षा दीडपटीने उंच येतं. याचा अर्थ तुला समजेल असा सांगते. अण्णांच्या ठोकळ्यावर मारलेली रेषा फार वर बसते. खरं तर नापास व्हायला हवी अशी चीर तिच्याखालून निमूटपणे निघून जाते.

मग मी भिंग घेतलं. भोक बाहेरून बरोबर दीड मिलिमीटर दिसतं. सुईने कडेला टोचलं तर पोलाद नव्हतंच. सुतार लाकडाच्या भेगांत भरतात ती लांबी होती, करडी केलेली. एका बाजूची खरवडून काढली तर आतलं भोक चांगलं चार मिलिमीटरचं निघालं. कुणीतरी ड्रिलने मोठं केलंय आणि तोंडं लिंपून ठेवलीत.

तुला बुटांच्या खोक्याची लिफ्ट आठवते? फडताळाच्या वरच्या फळीवर बिस्किटं पाठवायची, ती. तिला दुसऱ्या बाजूने वजन हवं होतं आणि तुझा डोळा अण्णांच्या ठोकळ्यावर होता. सुतळी भोकातून जाईना म्हणून तू भोकाड पसरलं होतंस. हातड्रिल अण्णांच्या पिशवीत असायचं. पुढचं मी लिहीत नाही. तू आठ वर्षांचा होतास, कुणी तुला फासावर देत नाही.

पण हे मात्र लिहिणार. त्यानंतर चौदा वर्षं अण्णांनी त्याच ठोकळ्यावर रेषा मारल्या. वाफेची ती टाकीसुद्धा त्यावरच पास झाली. टाकी फुटली, फिटरकाका गेले, आणि चौकशीत तू, त्यांचा पोटचा मुलगा, उभा राहून म्हणालास, "अण्णा हल्ली घाईत असायचे." अण्णा समोर बसले होते. त्यांनी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, टेबलावरचा चष्मा उचलून खिशात ठेवला. परवाना गेला. दोन वर्षांनी तेही गेले, आणि तोवर ते घरातला कुकरचा व्हॉल्व्हसुद्धा तीन-तीनदा तपासायचे.

ते घाईत नव्हते, टिल्लू. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. त्यांचं माप खोटं होतं. चोवीस वर्षं मी हेच म्हणत होते की अण्णा चुकणार नाहीत, आणि तू मला म्हणालास की तुला खरं बघायचंच नाही. आता बघ.

फार लिहिलं. राग आला की माझा हात थांबत नाही, तुला माहीत आहे.

मनी गाडीने जाते ना?

ताई


११ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. मी ते पर्समध्ये घेऊन फिरतेय, म्हणून पाठ झालंय. 'ताई, मला ते आठवत नाही. पण लिफ्ट माझी होती, म्हणजे मीच केलं असणार. मनीला आजपासून गाडीने पाठवतोय. बाकीच्या पोरांना काय सांगू?'

तू भांडशील असं वाटलं होतं. मी त्याच तयारीत होते. तू असा सरळ मान खाली घालशील हे माझ्या गणितातच नव्हतं. तुझी बायको मावशीला म्हणाली की तू जेवत नाहीस, नुसता जिन्यावर बसून असतोस. टिल्लू, जेव. त्या भोकाबद्दल आपण नंतर बोलू. मला त्याबद्दल काही सांगायचं आहे, पण आत्ता नाही, आधी तुझ्या शेवटच्या ओळीचं.

मला त्याची लाज वाटली. मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत मनी, मनी, मनी. त्या केबिनमध्ये आठ जण बसतात. कार्ड वाचलं आणि सरळ साहेबांकडे गेले. फॉर्मवर खोटा नंबर घातल्याचंही सांगितलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग विचारलं, "रोपवे चालू होऊन किती महिने झाले?"

"आठ."

"एक तरी दांडा तुटला?"

"तुटल्यावर तपासायचं असतं का, सर?"

"तसं नाही हो. धरलेत ना आठ महिने? मग धरतील. मेमध्ये वर्षाची तपासणी आहेच, तेव्हा शांतपणे बघू." मग मी लिहून नेलेला कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "आणि एक लक्षात घ्या. सही तुमची आहे."

आवाज अजिबात चढवला नाही. घरच्या माणसासारखं बोलले. मी जागेवर येऊन बसले आणि हिशेब करायला लागले की मेपर्यंत चौदा नंबर किती वेळा वर-खाली होईल. दर फेरीला स्टेशनात शिरताना केबिन हलते, दांडा किंचित वाकतो, किंचित सरळ होतो. चीर असेल तर ती अशाच वाकण्यावर वाढते. तिला घाई नसते. मी आकड्यापर्यंत पोचले आणि कागद फाडून टाकला.

आमच्या कामात चिकटवलेले जोडही येतात. त्यांची एक वाईट खोड असते. कधीकधी दोन पत्रे एकमेकांना नुसते टेकलेले असतात, आवाज आरपार जातो, पडद्यावर सगळं ठीक दिसतं, आणि धरलेलं काहीच नसतं. आपल्या घराचं मला तसंच वाटत आलं. आई होती तोवर आपण टेकून होतो.

उद्या रोपवेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवते, साहेबांना वगळून. सगळं लिहिणार, खोट्या नंबरासकट. नोकरी जाईल बहुतेक. तोवर तू वरच्या शाळकरी मुलांच्या आईबापांना गाठ. काय सांगायचं विचारलंस ना? सांग की माझी बहीण चुकली.

ताई


१७ फेब्रुवारी
खालचं स्टेशन

टिल्लू,

तू वर आहेस आणि मी खाली. रोपवे बंद आहे, फोन तू अजून घेत नाहीस, म्हणून हे पत्र रस्त्याने सामान नेणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरकडे देतेय. तिकीटघरात बसून लिहितेय. ड्रायव्हर निघायला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात सगळं लिहायचंय.

आधी कामाचं. अधिकारी तरुण आहे, पण त्याने माझं पत्र वाचून त्याच दिवशी फोन केला आणि मशीन घेऊन या म्हणाला. मी आज सकाळी पावणेआठला पोचले. तो यायचा होता. लेखी हुकमाशिवाय रोपवे थांबवायचा अधिकार मला नव्हता. आठच्या सुमाराला वरून चौदा नंबर निघाली. तू बहुतेकांना थांबवलं होतंस, तरी आत सात मुलं होती. एवढ्या लांबून केबिन हलताना दिसत नाही, नुसती मोठी होत जाते. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून खांब मोजत होते. ओरडावं, की कळ दाबावी, की गप्प राहावं. मध्येच थांबवली तर झटका बसेल, म्हणून गप्प राहिले. ते बरोबर केलं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलं हसत उतरली. एक मुलगी मला म्हणाली, "काकू, सरका ना."

साडेनऊला अधिकारी आला आणि रोपवे थांबला. नऊपैकी सहा दांडे झाले. चार ठीक आहेत. अकरा रेषेवर गेला. चौदा रेषेच्या खूप वर गेला. चित्रात जोडाच्या मुळाशी चीर स्पष्ट दिसते, आगपेटीच्या काडीएवढी लांब. एवढी मार्चमध्ये असती तर ती अण्णांच्या ठोकळ्यावरसुद्धा दिसली असती. म्हणजे ती या आठ महिन्यांत वाढली. मेपर्यंत ती थांबली नसती. अधिकाऱ्याने टोपी काढून बाकावर ठेवली.

सोळा, सतरा, अठरा अजून दरीवर लटकतायत, रिकाम्या. दुपारी वारा पडला की हळूहळू खाली घेणार आहेत. तुझ्या अंगणातून दिसत असतील. मनीला तिकडे बघू देऊ नकोस.

आता भोकाचं.

ते तू केलं नाहीस. मी केलं.

तुला आठवत नाही, कारण तू झोपला होतास. सुतळी जाईना म्हणून रडून रडून दुपारी तिथेच फरशीवर झोपलास. मी बारा वर्षांची होते. तू उठायच्या आत लिफ्ट चालू करून ठेवायची, तुझा चेहरा बघायचा, एवढंच डोक्यात होतं. ड्रिल पायात धरून फिरवलं. तू उठलास, लिफ्ट चालली, तू टाळ्या पिटल्यास. मग अण्णांची सायकल वाजली आणि मी ठोकळा सोडवून लपवला. संध्याकाळी सुताराकडून लांबी आणली, शिसपेन्सिलीची पूड मिसळली, दोन्ही तोंडं बुजवली, मध्ये सुईने भोक पाडलं. अण्णांना कळलं नाही; तेव्हा ठोकळा दरवर्षी प्रयोगशाळेत पाठवायची पद्धत नव्हती. त्याच आठवड्यात त्यांचं मशीन दुरुस्त होऊन आलं होतं. आकडा बदलला तो त्यांनी दुरुस्तीवर घातला असणार. मला बोलणी बसली नाहीत म्हणून मी खूश होते, आणि मग विसरले. खरंच विसरले. मागच्या महिन्यात लांबीचा तुकडा सुईवर आला तेव्हा आठवलं, सगळं एकदम.

आणि ते आठवल्यावर मी तुला २ फेब्रुवारीचं पत्र लिहिलं. हे तुला समजलं पाहिजे. माहीत नसताना नाही, माहीत असताना लिहिलं. कुठेही 'तू केलंस' असं लिहिलं नाही, नुसतं तुला तिथे नेऊन सोडलं. चोवीस वर्षं मी तुझ्यावर रागावून होते. तो राग खोटा ठरला तर माझ्याकडे काय उरतं, अशी भीती वाटली. मला वाटलं तू नाकारशील. तू म्हणालास, मीच केलं असणार.

चौकशीत तू म्हणालास ते चूक होतं, पण ते खोटं नव्हतं. तुला तसंच दिसत होतं. मी मात्र अण्णांची बाजू घेऊन उभी होते, आणि त्यांच्या खिशात मीच घातलेलं खोटं माप होतं. फिटरकाकांच्या बायकोला मी पुढच्या आठवड्यात भेटायला जाणार आहे. ती दार उघडेल की नाही, माहीत नाही.

तू चांगला आहेस, म्हणून तुला शंका येईल की ताई तुला वाचवायला हे लिहितेय. माझ्या जागी तू तसं करशील, मी ओळखून आहे. म्हणून ठोकळा सोबत पाठवतेय. दुसऱ्या बाजूची लांबी मी खरवडलेली नाही. तिच्यावर भिंग धर. भोक लहान आहे, त्यामुळे लांबी दाबणाऱ्या अंगठ्याच्या पाच-सहाच रेषा मावल्यात, पण त्यांच्या मधून एक तिरकी रेघ गेलीय. लिफ्टच्या थोडं आधी पत्र्याने माझा अंगठा कापला होता तेव्हा पट्टी तूच बांधली होतीस, आठवत असेल.

माझी सही किती कामाची आहे हे तू आता जाणतोस, म्हणून ती करत नाही. तिकीटघरातल्या शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवून खाली उमटवलाय. जुळवून बघ. आणि मग जेव.